चोराची पत्रिका

"अज्जा, मी रोग होणार आहे."

गेल्या दसऱ्याच्या सुटीत, हुबळीहून आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसून आमच्या नातवाने हे वाक्य इतक्या शांतपणे उच्चारले, की आम्ही वर्तमानपत्राची घडी घालून ठेवली आणि त्याचा हात हातात घेऊन पाहिला. मुलाचे वय तेरा, प्रकृती मुळातच किरकोळ. सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातून ते ऐकले आणि सुंठीच्या काढ्याचे आधण चढलेदेखील. खुलासा होईपर्यंत काढा उकळून तयार झाला होता, आणि तयार झालेली वस्तू टाकून देण्याची आमच्या घरी पद्धत नसल्यामुळे तो आम्हांस प्यावा लागला.

खुलासा असा की, इंग्रजीत रोग म्हणजे लबाड, भामटा. एका खेळात प्रत्येक गड्याने एकेक पात्र घ्यायचे असते. कोणी योद्धा होतो, कोणी मांत्रिक, कोणी देवाचा भक्त; आणि आमच्या नातवाने त्यांतून चोर निवडला होता.

"म्हणजे चोर होणार?" सौभाग्यवती म्हणाल्या. "त्यापेक्षा रोग बरा होता. त्याला औषध तरी असतं."

ज्या वाचकांच्या घरी या खेळाचा अद्याप प्रवेश झालेला नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. खेळाचे नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. तत्पूर्वी तिकडे शिशाचे सैनिक मांडून लढाया खेळण्याचा नाद होता. त्यांत एक बाहुले म्हणजे पुष्कळदा सैनिकांची एक तुकडीच असे. या दोघांनी एका गड्याला एकच माणूस दिला, आणि सगळा खेळ पालटला. यास पट लागलाच पाहिजे असे नाही. एक जण सूत्रधार होतो आणि सांगतो, "रात्र आहे, पडक्या गढीचे दार पुढे आहे, आत उजेड दिसतो आहे." मग ज्याने त्याने आपले पात्र काय करते ते बोलायचे. निकाल संशयाचा असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकायचा. जिंकणे-हरणे नाही, आणि खेळ महिनोन्‌महिने चालू राहतो. आम्हांस हे ऐकून आमच्या मुलुखातील दशावतारी नाटके आठवली. तेथेही लिहिलेली संहिता नसते. कथानक ठाऊक असते आणि संभाषण मात्र ज्याचे त्याने उभ्याउभ्या रचायचे असते. कोकणात आणि गोव्यात ज्यांनी रात्री जागवल्या आहेत त्यांस यात नवे काही वाटू नये.

गंमत अशी की, १९७४ च्या मूळ पुस्तिकांत योद्धा, मांत्रिक आणि धर्मोपदेशक एवढेच तीन वर्ग होते. चोर नव्हता. तो १९७५ साली 'ग्रेहॉक' नावाच्या पुरवणीतून आला, म्हणजे मंडळी स्थिरस्थावर झाल्यावर, मागच्या दाराने. पुढे २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्याचे 'चोर' हे नाव जाऊन 'रोग' झाले. माणूस प्रतिष्ठित झाला की नाव बदलतो, तसलाच हा प्रकार.

पात्र घ्यायचे म्हणजे त्याची एक पत्रिका मांडावी लागते. तींत सहा घरे असतात. त्यांची नावे आम्ही आमच्यापुरती अशी लावून घेतली: बळ, चापल्य, प्रकृती, बुद्धी, शहाणपण आणि छाप. भरावयास सहा आकडे मिळतात: १५, १४, १३, १२, १० आणि ८. दहा म्हणजे चारचौघांसारखा माणूस. पंधराचा आकडा एकाच घरात पडतो, आणि आठाचा आकडाही कोठेतरी टाकावाच लागतो. त्यातून सुटका नाही. सहाही घरे उत्तम असलेला मनुष्य या खेळात जन्मास येत नाही.

नातवाने आपली पत्रिका आधीच मांडून आणली होती. चापल्य पंधरा, प्रकृती चौदा, बुद्धी तेरा, शहाणपण बारा, बळ दहा. छाप आठ.

"छाप सर्वांत कमी का रे?" आम्ही विचारले.

"मला कुणाशी बोलायचंच नाहीये, अज्जा. चोर दिसता नये, ऐकू येता नये. कुणाला कळताच नये की हा इथं आहे."

हे तो खेळाविषयी बोलत होता. परंतु सूनबाईंनी आदल्या आठवड्यात फोनवर हलक्या आवाजात जे सांगितले होते ते आम्हांस ठाऊक होते. जूनपासून मुलगा नव्या शाळेत आहे. आमच्या घरी मराठी बोलतात, शेजारी कोंकणी, बाजारात कानडी. त्यामुळे त्याच्या कानडीला या तिन्हींचा वास येतो. पहिल्याच आठवड्यात वाचताना दोन शब्दांवर वर्ग हसला. तेव्हापासून हजेरीला 'आहे' म्हणण्यापलीकडे तो तोंड उघडत नव्हता. आपल्या मासिकाच्या वाचकांपैकी कित्येकांनी इंदुरास, हैदराबादेस, बंगळूरास मुलांना शाळेत घातले आहे. त्यांस यापेक्षा अधिक सांगण्याचे कारण नाही. आता चार महिन्यांनी वर्गातील चौघा मुलांनी त्याला शनिवारच्या खेळाला बोलावले होते. त्यांच्याकडे योद्धा होता, मांत्रिक होता, चोर तेवढा नव्हता. सुटी संपताच पत्रिका घेऊन हजर व्हायचे होते. ते पहिलेच बोलावणे. असे असता 'चोर कसला होतोस, योद्धा हो' असे सांगण्याचा मूर्खपणा आमच्या हातून झाला नाही, याचे श्रेय मात्र सौभाग्यवतींचे; त्यांनी डोळ्यांनी खूण केली म्हणून आम्ही गप्प राहिलो.

चोर व्हायचेच तर नीट झाला पाहिजे, असे ठरवून आम्ही कामास लागलो.

चोराविषयी आमचे ज्ञान दोन ठिकाणांहून आलेले. पहिला गुरू कांडेचोर. रामनगरच्या या घरात माळ्यावर त्याचे येणेजाणे पुष्कळ वर्षांचे आहे, आणि आमच्या जुन्या सुप्याच्या घरात तर तो आमच्या आजोबांच्या वेळेपासूनचा बिऱ्हाडकरू होता. इतक्या वर्षांत आम्ही त्याला समोरासमोर एकदाच पाहिला: पाऊस नुकता उघडलेला, पहाटेची वेळ, आणि पन्हळीच्या कडेला काळसर लांबट अंग, मागे तेवढीच लांब शेपटी. आमच्याकडे त्याने पाहिले, आणि घाई न करता निघून गेला. एरवी तो असल्याचे कळते ते मागाहून. बिया टाकलेल्या दिसतात, पिकलेला फणस एका बाजूने पोखरलेला आढळतो. नातवाला आम्ही विचारले, "कौलांवरून मांजर गेलं तर कौल वाजतं. हा का वाजत नाही?" त्याला सांगता येईना. रात्री आम्ही त्याला माळ्याखाली निजवले आणि ऐकावयास सांगितले. सकाळी तो म्हणाला, "तो कौलांवरून जातच नाही. भिंतीच्या माथ्यावरून वाशावर, वाशावरून आढ्यावर." बरोबर. कोणते लाकूड बोलते आणि कोणते बोलत नाही हे त्याला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. त्याचे पाय मऊ आहेत हे खरेच, पण त्याहून अधिक म्हणजे त्याने आमचे घर पाठ केले आहे.

"म्हणजे चापल्याहून शहाणपण," नातू स्वतःशीच म्हणाला, आणि शहाणपणाच्या घरातील बारा खोडून तेथे चौदा लिहिले. खेळात पाहणे, ऐकणे, चाहूल घेणे ही सारी शहाणपणाच्या खात्यावर पडतात. प्रकृती एका पायरीने खाली उतरली.

दुसरा गुरू शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तील शर्विलक. देवलांनी हे नाटक मराठीत आणले, त्यामुळे आमच्या पिढीपर्यंत ते घरोघर माहीत होते. आता त्याची ओळख करून द्यावी लागते. तिसऱ्या अंकात हा ब्राह्मण चोर चारुदत्ताच्या घराला भोक पाडतो. पण ते कसे? आधी भिंत तपासतो, पाण्याने रोज भिजून कोठे कच्ची झाली आहे, उंदरांनी माती कोठे उकरली आहे. मग भोकाचा आकार कोणता असावा याचा विचार करतो. उमललेले कमळ, सूर्य, चंद्रकोर, विहीर, स्वस्तिक, पूर्णकुंभ असे शास्त्रोक्त आकार त्याला पाठ आहेत. विटा भाजलेल्या, म्हणून पूर्णकुंभ शोभेल असे ठरवतो. मोजावयाची दोरी विसरली, तर गळ्यातील जानवे काढून माप घेतो. आत शिरण्यापूर्वी माणसाचा पुतळा पुढे सरकवून पाहतो. दार कुरकुरेल म्हणून त्यावर पाणी शिंपडतो, आणि ते पाणी ठिबकून वाजेल याचीही त्याला काळजी! निजलेली माणसे खरोखर निजली आहेत की सोंग करीत आहेत याची परीक्षा घेतो, दिव्यावर किडा सोडून दिवा मालवतो. हे सारे कशासाठी, तर मदनिका नावाच्या दासीला मोल देऊन सोडवता यावे म्हणून.

नातवाला हे फार आवडले. विशेषतः जानव्याचे माप. त्याच्या पुस्तकात चोराच्या पोतडीची यादी आहे, ती त्याने आम्हांस वाचून दाखवली: दहा फूट सुतळी, एक घंटी, पाच मेणबत्त्या, पहार, हातोडी, दहा खुंट्या, झाकणाचा कंदील, दोन बाटल्या तेल, पन्नास फूट दोर आणि जमिनीवर पसरण्यासाठी चक्क एक हजार छर्रे. पाच दिवसांची शिदोरी हे शब्द कानी पडताच सौभाग्यवती बाहेर आल्या. "शिदोरी म्हणजे काय काय?" पुस्तकात तसा तपशील सोयीचा नव्हता. "तांदळाची भाकरी दुसऱ्या दिवशी कडक होते. फणसपोळी लिही. ती वर्षभर टिकते आणि खाताना आवाज होत नाही." पत्रिकेच्या मागल्या बाजूस फणसपोळी लिहिली गेली.

"पण शर्विलक फार बोलतो," नातवाने शंका काढली.

"बोलतोच. नाटकातला आहे," आम्ही म्हणालो. परंतु शंका बरोबर होती, आणि तिचे उत्तर आम्हांस लगेच सुचले नाही.

ते मिळाले दुपारी, आणि तेही खेळाच्या नियमांतच. नातू चोराच्या 'गुपचूप वारा'चा नियम समजावून देत होता. चोराला योद्ध्यासारखे बळ नसते. त्याचा वार भारी पडतो तो शत्रू बेसावध असेल तेव्हा. किंवा (येथे तो थांबला आणि पुन्हा वाचू लागला) चोराचा एखादा सोबती शत्रूपासून पाच फुटांच्या आत उभा असेल तेव्हा. सोबती समोर उभा राहून शत्रूचे लक्ष गुंतवतो, आणि चोराचे काम होते.

आम्ही झोपाळ्याकडे पाहिले. मग, आजवर घरात फक्त सौभाग्यवतींना ठाऊक असलेली गोष्ट त्याला सांगितली.

सुपे हे आमचे गाव काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावरचे. ज्याला आज जोयडा तालुका म्हणतात त्यास पूर्वी सुपे तालुका म्हणत, ते या गावावरून. काळीवर धरण झाले, १९८० नंतरच्या दशकात पाणी चढले आणि गाव त्याखाली गेले; आमच्यासारखी बरीच घरे रामनगरास येऊन वसली. पाणी चढण्याच्या आधीच आम्ही घर सोडले होते. पावतीवर सही झाली होती, जे न्यायचे ते नेण्याची मुदत संपली होती, आणि रिकाम्या गावात एक पहारेकरी ठेवलेला होता. आमची आई त्या वेळी अंथरुणाला खिळलेली. एके संध्याकाळी ती म्हणाली, "पाळण्याची कडी आणलीत का रे?"

आणली नव्हती. माजघराच्या तुळईत ठोकलेली लोखंडी कडी. आमच्या वडिलांपासून आमच्यापर्यंत घरातले प्रत्येक मूल तिला टांगलेल्या पाळण्यात वाढले. दारे, खिडक्या, पाटा-वरवंटा, सगळे आले. वर पाहावयाचे राहिले.

आमचे वय तेव्हा बाविशीचे. थोरल्या अण्णांनी आणि आम्ही रात्री जायचे ठरवले. घर आम्हांस पाठ होते. कोणती फळी बोलते ते माहीत होते. आम्ही मागच्या बाजूने आत शिरलो. हातोडीला धोतराचा तुकडा गुंडाळला, कडीच्या मुळाशी खोबरेल सोडले. तरीही तुळईच्या वर वळवलेली शेपटी सरळ करून कडी खाली उतरवायची म्हणजे ठोके घातल्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि रिकाम्या घरात ठोका केवढा वाजतो ते ज्याने रिकामे घर ऐकले आहे त्यालाच कळेल.

अण्णा मात्र आत आलेच नाहीत. ते सरळ रस्त्याने पहारेकऱ्याकडे गेले, त्याच्या शेकोटीशी बसले आणि बोलू लागले. पहारेकरी घाटमाथ्यावरचा, अस्सल कानडी. अण्णांचे कानडी आमच्याहून फारसे बरे नव्हते. पण त्यांस त्याची लाज नव्हती. ते नेहमीपेक्षाही वाईट बोलत होते. क्रियापदे उलटी, लिंगे भलतीच, मध्येच मराठी शब्द. पहारेकरी हसे, त्याला दुरुस्त करी. अण्णा ते आणखी चुकवीत आणि त्याच्याहून मोठ्याने हसत. ते दोघे हसले की आम्ही एक घाव घालायचा. हसणे थांबले की थांबायचे. किती वेळ गेला कोण जाणे. नातवाला सांगताना आम्ही तास म्हटले, अर्धा तास असेल. कडी निघाली तेव्हा आमच्या हाताची सालटे गेली होती.

परत येताना पहारेकऱ्याने अण्णांना हाक मारून काहीतरी सांगितले. आम्ही अंधारात होतो, घाबरलो. पुढे वाटेत विचारले तेव्हा अण्णा म्हणाले, "पुन्हा ये म्हणतो. म्हणाला, इतकं वाईट कानडी मी जन्मात ऐकलं नाही." त्याला ठोके ऐकू आले होते की नाही, हे आम्हांस आजतागायत ठरवता आलेले नाही. अण्णांस जाऊनही आता बरीच वर्षे झाली.

नातवाने झोपाळ्यावर बसल्याबसल्या वर पाहिले. आमच्या झोपाळ्याची उजवी कडी बेळगावच्या बाजारातील. डावी जाड, काळी, किंचित वाकडी. त्यामुळे झोपाळा थोडा कलता असतो आणि डावीकडे जाताना कुरकुरतो. लहानपणापासून तो त्यावर बसतो आहे, पण हे त्याने कधी विचारले नव्हते.

"त्याला पाणी शिंपडून पाहा," एवढेच तो म्हणाला. शर्विलक डोक्यात होता.

संध्याकाळी पत्रिका नव्याने मांडली गेली. चापल्य पंधरा, शहाणपण चौदा, प्रकृती तेरा, छाप बारा, बुद्धी दहा. बळ आठ; हातोडी चालवून चालवून सालटे जाणाऱ्या माणसास एवढे पुरे. जात हाफलिंग. ही मंडळी बुटकी, टोल्किनसाहेबांच्या १९३७ सालच्या 'हॉबिट' कादंबरीतील नायकाच्या वंशाची. तोही घरफोडीसाठीच नेमलेला होता. त्यांच्यातील एका शाखेला धिप्पाड सोबत्याच्या पाठीआड दडता येते आणि चापल्यात दोन, छापेत एक अशी वाढ मिळते. चोराला दोन कामांत दुप्पट तरबेज होता येते. पहिले अर्थात दबकत चालणे. दुसरे चाहूल घेणे असावे असा आमचा आग्रह होता. नातवाला कुलपे उघडण्याची हत्यारे हवी होती. वाद दुसऱ्या दिवशी जेवणापर्यंत चालला आणि आमचा पराभव झाला. हिशेब मात्र आम्ही दोघांनी मिळून केला. सतरा चापल्याचे तीन, तरबेजीचे चार, असे सात फाशात मिळवायचे. साध्या पहारेकऱ्याची सावधता बारा. तेव्हा फाशावर पाच वा अधिक पडले की निभावले: विसांत सोळा वेळा. हाफलिंगाला एकाचे दान पडले तर फासा पुन्हा टाकता येतो, ती वरकड.

"आणि बाकीच्या चार वेळा?" सौभाग्यवतींनी विचारले.

"मग छाप," नातू म्हणाला. बाराचे तेरा झाले होते. फार नव्हे.

पत्रिकेत शेवटी एक मोठे कोरे घर असते. पात्र कोठले, कोणाचे, चोरी का करू लागले ते त्यात लिहायचे. तो बराच वेळ पेन्सिल चावीत बसला. आम्ही मुद्दाम अंगणात गेलो. नंतर पाहिले तर इंग्रजीत दोन ओळी होत्या: गाव पाण्याखाली गेलेले आहे. एक वस्तू आणायची राहिली आहे. कोणती ते लिहिले नव्हते. चोराला एक थोरला भाऊ आहे, असे मात्र निराळ्या शाईने जोडलेले होते.

सुटी संपली, लोंढ्याला आम्ही त्याला गाडीत बसवून दिले. पुढच्या शनिवारी रात्री नऊपर्यंत फोन आला नाही. सव्वानऊला आला.

"काय रे, झाला खेळ?"

"हो. पहिल्याच दाराशी पकडला गेलो, अज्जा. तीन पडले."

तीन आणि सात, दहा. बाराला दोन कमी. आमच्या गणितात चूक नव्हती, पण ते सांगण्यात अर्थ नव्हता. "मग?"

"मग पहारेकऱ्याशी बोललो. कानडीतून. सूत्रधार कानडी बोलतो ना. पुष्कळ वेळ बोललो. अण्णाअज्जांसारखं, मुद्दाम चुकीचं. सगळे हसत होते, आणि तेवढ्यात योद्धा मागून–"

येथे सौभाग्यवतींनी आमच्या हातून फोन घेतला आणि जेवला का, काय जेवला, तूप घातले होते का याची चौकशी सुरू केली. योद्ध्याने मागून काय केले ते पुढल्या शनिवारपर्यंत आम्हांस कळले नाही.